नेमाची परीक्षा : हैदराबादेतील शिकारी बंदुकीच्या निवडीचा इतिहास

मुसी नदीच्या दक्षिण तीरावर असलेल्या सालारजंग संग्रहालयात शाळेतील मुलांना घेऊन जाण्याचा प्रसंग दरवर्षी येतो. शस्त्रास्त्रांच्या दालनाशी पोहोचले की मुलांची रांग मोडते. तलवारी, कट्यारी, ढाली यांच्यासमोर ती घोटाळतात आणि अखेर लांब नळ्यांच्या जुन्या बंदुकांपाशी येऊन थबकतात. अशाच एका भेटीत सातवीतल्या एका मुलाने प्रश्न केला, "गुरुजी, यांतली सगळ्यांत अचूक कोणती?" मी काही तरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु घरी आल्यावर तो प्रश्न मनातून जाईना. सर्वांत जुनी कोणती, सर्वांत मौल्यवान कोणती, कोणत्या नबाबाची, या प्रश्नांची उत्तरे काचेच्या पेटीवरील पाटीवर मिळतात. अचूक कोणती, याचे उत्तर मात्र पाटीवर असूच शकत नाही. ते बंदूक झाडून पाहिल्यावाचून कळत नाही, आणि ज्यांनी ती झाडली त्यांनी मागे ठेवलेल्या लेखनावर कितपत विश्वास ठेवावा, हा पुन्हा निराळाच प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय वरकरणी लहान आहे. चांगल्या नेमाची शिकारी बंदूक माणसाने कशी निवडली, आणि ती कारागिराच्या हातची न घेता कारखान्यातील का घेऊ लागला, एवढाच त्याचा विस्तार. पण या लहान विषयाच्या दोऱ्याने हैदराबाद राज्याच्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासाची बरीच पाने एकत्र शिवली जातात असे मला आढळून आले. आणि इतिहासाच्या साधनांची पारख कशी करावी, याचाही एक धडा त्यातून मिळाला.

हैदराबादेत आबिद रस्त्याकडून फतेह मैदानाकडे जाताना 'गनफाउंड्री' नावाचा भाग लागतो. जुने लोक त्याला 'तोप का सांचा' म्हणत. निजाम अलीखानाच्या पदरी असलेला फ्रेंच सेनानी मिशेल योआकिम मारी रेमाँ याने १७८६ साली येथे तोफा ओतण्याचा कारखाना उभारला. या रेमाँचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासातही येते. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या रणावर निजामाची आणि मराठ्यांची जी गाठ पडली, तीत निजामाकडील कवायती पलटणी याच्याच हाताखाली होत्या. त्याच्या पलटणींनी त्या दिवशी नेटाने तोंड दिले. परंतु निजामाने माघारीचा हुकूम पाठविला आणि रात्रीच्या गोंधळात सारी फौज खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडली गेली. पुढे मार्च १७९८ मध्ये रेमाँ मरण पावला. त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरच्या तहान्वये इंग्रजांनी त्याच्या सुमारे १४ हजार शिपायांकडून शस्त्रे खाली ठेवविली. मलकपेठेतील त्याच्या कबरीचा चौथरा आणि गनफाउंड्रीतील त्या भट्टीचे अवशेष यांच्याखेरीज त्या वैभवाची दुसरी खूण आज शहरात फारशी दिसत नाही.

खर्ड्याच्या रणावर दोन्ही बाजूंकडे ज्या बंदुका होत्या, त्यांतील बहुतेकींच्या नळ्या आतून गुळगुळीत होत्या. नळीच्या व्यासाहून गोळी किंचित लहान असे, कारण तोंडाकडून दारू आणि गोळी भराभर ठासता आली पाहिजे. त्यामुळे ती नळीतून बाहेर पडताना या कडेवरून त्या कडेवर आपटत येई, आणि शेवटचा आपटा ज्या बाजूस बसेल तिच्या उलट बाजूस निघून जाई. एका शिपायाने एका माणसावर नेम धरला, तर शंभर वारांवर तो लागेलच असे नसे. म्हणून पाचशे शिपाई एका ओळीत उभे करून एकदम बार काढण्याची कवायत निघाली. नेम हा त्या काळी एका बंदुकीचा गुण नव्हता. तो पलटणीचा गुण होता. खेड्यातील शिकारी तोड्याच्या बंदुकीने रानडुकरावर नेम धरी तेव्हा पलटण त्याच्या पाठीशी नसे. म्हणून तो जनावर दहा-पंधरा पावलांवर येईपर्यंत थांबे. हे त्याचे शौर्य होते हे खरे. पण ते त्याच्या नळीने त्याच्यावर लादलेले शौर्य होते.

गुळगुळीत नळीची गोळी भरकटते का, याचा शास्त्रशुद्ध विचार बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने केला. त्याचा तोफविद्येवरील ग्रंथ १७४२ साली प्रसिद्ध झाला. गोळी नळीतून निघताना कसेही गरगरते आणि त्या गरगरण्यामुळे हवा तिला वाकडी ओढते, हे त्याने दाखवून दिले. नळीच्या आत मळसूत्राप्रमाणे आटे पाडले, तर गोळीला एका निश्चित दिशेने फिरकी मिळते आणि भोवरा जसा फिरत असेपर्यंत ताठ उभा राहतो तशी ती आपल्या मार्गावर राहते. जे राष्ट्र हे तत्त्व पुरतेपणी ओळखून आपल्या सैन्याला अशा बंदुका देईल, ते इतरांवर मोठी मात करील, असे भाकीतही त्याने १७४७ च्या सुमारास केले. नवल असे की हा रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरनजीकच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे तापाने वारला. आट्यांच्या बंदुकीचे शास्त्र सांगणाऱ्याची माती दक्षिण हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर पडली. त्याचे शास्त्र मात्र या देशात येण्यास आणखी शंभर वर्षे लागली.

ते आले ते १८५३ च्या एन्फील्ड रायफलीच्या रूपाने. ही बंदूक दोन अर्थांनी नवीन होती. एक तर तिच्या नळीस आटे होते. दुसरे असे की एन्फील्ड येथील सरकारी कारखान्यात अमेरिकेहून आणलेल्या यंत्रांवर तिचे भाग एकाच मापाचे निघू लागले आणि एका बंदुकीचा घोडा दुसरीस चालू लागला. कारखान्याची रायफल म्हणून जी वस्तू आपण ओळखतो, तिचा उगम येथे आहे. तिच्या काडतुसांनी १८५७ साली काय घडविले, ते सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी १७ जुलै रोजी तुर्रेबाजखान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. परंतु त्यानंतर जे घडले त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. बंड मोडल्यानंतर इंग्रज सरकारने देशी पलटणींसाठी एन्फील्डसारख्याच दिसणाऱ्या, पण आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका मुद्दाम करविल्या. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही शिपायांच्या खांद्यांवर एकच शस्त्र दिसावे. पण गोऱ्या शिपायाची गोळी सरळ जावी आणि काळ्याची भरकटावी, अशी ही योजना होती. अचूकपणा हीसुद्धा राज्यकर्त्याने मोजून मापून वाटावयाची वस्तू ठरली. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने ब्रिटिश मुलखातील सामान्य रयतेच्या हातून बंदूकच काढून घेतली. राष्ट्रसभेच्या आरंभीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध जे ठराव झाले, त्यांमागे केवळ स्वाभिमानाचा प्रश्न नव्हता; रानडुकरांनी शेत उद्ध्वस्त केले असता उघड्या हातांनी बघत बसणाऱ्या कुणब्याचे दुःखही त्यांत होते.

निजामाच्या राज्यात परिस्थिती थोडी निराळी होती. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिंजंट ही फौज हिंगोली, जालना, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई, एलिचपूर आणि बोलारम अशा ठाण्यांत राहत असे. १९०३ साली ती हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली. या ठाण्यांभोवती तेव्हा रान होते आणि अधिकाऱ्यांना उन्हाळ्यात रिकामा वेळ होता. त्यांच्यापैकी आर. जी. बर्टन यांचे दख्खनमधील शिकारीवरील पुस्तक १९२८ साली निघाले. हैदराबादेत सहावे निजाम महबूब अलीखान (१८६६–१९११) यांची शिकारी म्हणून ख्याती होती. त्यांनी मारलेल्या वाघांचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. त्यांच्या दरबाराचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १९०२ साली वरंगळ जिल्ह्यातील नेकोंड्याजवळ घेतलेले एक छायाचित्र जगभर पाहिले गेले आहे. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि लेडी कर्झन हे मारलेल्या वाघाजवळ उभे आहेत, असे ते चित्र आहे. त्या चित्राकडे पुन्हा परतावयाचे आहे.

अशा शिकारीसाठी कोणती बंदूक घ्यावी, याचे शास्त्र रचण्याचा एक गंभीर प्रयत्न आपल्या शेजारच्या मध्यप्रांतातून झाला. जेम्स फोर्साइथ हा तेथील एक तरुण अधिकारी. शिकारी रायफलीवरील त्याचा ग्रंथ १८६३ साली प्रसिद्ध झाला. चांदमारीच्या मैदानावरची अचूकता आणि रानातील अचूकता या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे त्याचे म्हणणे. मैदानावर अंतर ठाऊक असते. रानात जनावर ऐंशी वारांवर आहे की एकशेवीस वारांवर, याचा अंदाज क्षणात करावा लागतो. गोळीचा मार्ग कमानीसारखा असेल, तर अंदाज चुकताच नेम चुकतो. म्हणून नळी मोठ्या व्यासाची, गोळी गोल, दारू भरपूर आणि आट्यांची फिरकी अगदी सावकाश ठेवावी, म्हणजे पहिल्या शंभर-सव्वाशे वारांत गोळी जवळजवळ सरळ रेषेत जाईल, असा त्याचा सिद्धान्त होता. तिकडे इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ हा यंत्रशास्त्रज्ञ लांबट गोळी आणि जलद फिरकी यांच्या बळावर दूरच्या निशाणावर विलक्षण सूक्ष्म नेम साधत होता. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर होते. कोणत्या कामासाठी, हा प्रश्न सोडून अचूकतेचा विचार करता येत नाही, हे फोर्साइथने ओळखले होते.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत हैदराबादेतील अमीर-उमरावांच्या शस्त्रागारांत लंडन आणि बर्मिंगहॅमच्या नामांकित पेढ्यांच्या जोडनळी रायफली आल्या. त्यांच्या घडणीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दोन नळ्या शेजारी शेजारी जोडल्या की त्यांच्या गोळ्या आपोआप एका ठिकाणी पडत नाहीत. कारागीर बंदूक झाडून पाही, नळ्यांच्या तोंडांमधील पाचर सरकवी, पुन्हा डाग देई, पुन्हा झाडी. असे करता करता दोन्ही गोळ्या एका विशिष्ट अंतरावर एकत्र आल्या की काम पुरे होई. पण हा मेळ एकाच विशिष्ट काडतुसाशी बसविलेला असे. विलायतेच्या थंड हवेत बसविलेला मेळ दख्खनच्या वैशाखात बिघडे. कारण कॉर्डाइट ही नवी दारू तापली की अधिक जोराने पेटते. यासाठी उष्ण प्रदेशांकरिता कमी दारूची निराळी काडतुसे निघाली. ज्याने ही बाब विचारली नाही, त्याच्या हातात लंडनच्या उत्तम कारागिराची बंदूक असूनही नेम नसे.

निवडीवर कायद्याचीही छाया होतीच. १८९८ साली रिग्बी पेढीने पॉइंट ४५० व्यासाची नवी कॉर्डाइट रायफल काढली आणि ती मोठ्या शिकारीसाठी सर्वमान्य झाली. परंतु त्याच व्यासाच्या गोळ्या जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री बंदुकांस चालतील आणि बंडखोरांच्या हाती पडतील, या भीतीने १९०७ च्या सुमारास सरकारने त्या व्यासाची आयात बंद केली. तेव्हा पेढ्यांनी व्यासात अंशभर फरक करून पॉइंट ४७०, पॉइंट ४६५ अशा नव्या रायफली बाजारात आणल्या. शिकारी ग्रंथांत या व्यासांची गुणवर्णने वाचताना असे वाटते, की ही निवड अनुभवातून झाली असावी. वस्तुतः ती पुष्कळ अंशी पोलिसी भयातून झाली होती.

एव्हाना जर्मनीतील ओबर्नडॉर्फ येथील माउझर कारखान्याने वेगळाच मार्ग दाखविला होता. एकच नळी, मागेपुढे सरकणारा भक्कम खटका, पोटात पाच काडतुसे आणि सगळे भाग यंत्रावर कातलेले. दक्षिण आफ्रिकेत १८९९ ते १९०२ या काळात बोअर शेतकऱ्यांनी याच कारखान्याच्या सात मिलिमीटर रायफलींनी इंग्रज सैन्याला दूरवरच्या नेमाचा धडा दिला. पुढे रिग्बीसारख्या पेढ्यांनी माउझरचा खटका घेऊन त्याभोवती आपल्या शिकारी रायफली बांधल्या. एका नळीला दुसऱ्या नळीशी मेळ घालावा लागत नाही, त्यामुळे कुशल कारागिराचे कित्येक दिवसांचे श्रम वाचले आणि मध्यमवर्गीय माणसालाही परवडेल अशी अचूक रायफल प्रथमच उपलब्ध झाली. कारखान्याने कारागिराला हरविले असे म्हणतात, ते तितकेसे खरे नाही. कारागिराला सर्वांत अधिक छळणारी अडचणच कारखान्याने बाजूस काढली, हे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

परंतु कारखान्यातून निघालेल्या शंभर रायफली सारख्याच मापाच्या असल्या, तरी सारख्याच नेमाच्या नसतात. याचे कारण बारीक बाबींत आहे. नळीचे भोक आणि तिचा बाह्य व्यास एका मध्याभोवती आहेत की नाहीत, नळीच्या तोंडाची कड चौफेर सारखी कापली आहे की नाही, अक्रोडाच्या दस्त्यात लोखंड सर्वत्र सारखे बसले आहे की कोठे एका बाजूस दाबते आहे, घोडा ओढताना हात हलतो की नाही, यांवर नेम अवलंबून असतो. दस्त्याचे लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि नळीवरील दाब बदलतो. ज्येष्ठात बरोबर लागणारी रायफल भाद्रपदात एका बाजूस मारू लागते. जुन्या काडतुसांच्या टोप्यांतील क्षार नळीत राहून दमट हवेत गंज चढे. म्हणून जाणता शिकारी शिकारीहून परतताच नळीतून उकळते पाणी घाली आणि जुनी रायफल विकत घेताना नळी उजेडाकडे धरून आतील आट्यांच्या कडा पाही. नावाजलेल्या पेढीचे नाव पाहून भुलणारा गिऱ्हाईक ही नळी मात्र पाहत नसे.

बंदुकीवर उमटविलेल्या छापांविषयीही असाच गैरसमज होता. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ च्या कायद्याने झाले. तेथे प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा अधिक दारू भरून ती फुटते का, एवढेच पाहत. नळी फुटणार नाही याची ती हमी होती. गोळी कोठे लागेल याची नव्हे. सुरक्षित असणे आणि खरे असणे यांतला हा फरक शिक्षकांनी तरी विसरता कामा नये. परीक्षेत नापास न होणारा विद्यार्थी विषय समजलेला असतोच असे नाही.

खरी परीक्षा एकच होती. शंभर वारांवर कागदाचे निशाण लावावे, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवावी आणि एकाच ठिकाणी नेम धरून पाच गोळ्या झाडाव्या. मग कागदाजवळ जाऊन दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या. पहिली, पाच छिद्रे एकमेकांपासून किती दूर आहेत. दुसरी, त्या पाचांचा मध्य नेमाच्या ठिकाणापासून किती दूर आहे. पाचही छिद्रे तीन इंचांच्या आत असली, तर हरिणाच्या छातीच्या मानाने त्या काळी ती रायफल उत्तम समजली जाई. आजचे कारखाने एक इंचाची जाहिरात करतात. गणिताच्या भाषेत तो कोनाचा सुमारे एक मिनिट होतो. पण छिद्रांचा पुंजका लहान असून तो चार इंच डावीकडे पडला, तर घाबरण्याचे कारण नसे. पुढची माशी किंवा मागची खाच किंचित सरकविली की काम होई. उलट पुंजक्याचा मध्य अगदी बरोबर असून छिद्रे ताटाएवढ्या जागेत विखुरली असली, तर त्या रायफलीला कोणताही उपाय नव्हता. आणि शेवटची पारख म्हणजे थंड नळीतून निघालेली पहिली गोळी पुंजक्यात पडते का. कारण रानात दुसरी संधी मिळेलच असे नाही.

एकाच दिशेने चुकणारा आणि दाही दिशांनी चुकणारा हा भेद समजल्यापासून मला इतिहासाची साधने वाचण्याची एक नवी दृष्टी मिळाली, हे येथे कबूल केले पाहिजे. काही लेखक सदैव आपल्या धन्याच्या बाजूने झुकतात. त्यांची चूक ठरलेली असते. ती ओळखली की माशी सरकवून त्यांचा उपयोग करता येतो. काही लेखकांस मात्र कोणताच कल नसतो. ते ऐकलेले, पाहिलेले आणि कल्पिलेले सारखेच लिहून टाकतात. त्यांची सरासरी कधी कधी सत्याच्या जवळ येते, आणि म्हणूनच ते अधिक धोक्याचे. शिकारीच्या आठवणी बहुतेक पहिल्या जातीच्या आहेत. त्यांत लागलेल्या गोळ्या मोजलेल्या असतात, चुकलेल्या नसतात. नेकोंड्याच्या छायाचित्रात वाघ आहे, व्हाइसरॉय आहेत. तो वाघ किती गोळ्यांनी पडला, हाका घालणारे किती होते आणि त्यांतले कोणी जायबंदी झाले की काय, हे छायाचित्राच्या चौकटीत मावत नाही. ती चौकट नेहमी एकाच बाजूस झुकलेली असते, हे लक्षात ठेवून आपण ते चित्र पाहिले पाहिजे.

आणि येथेच या विषयातील खरा प्रश्न उभा राहतो. नेम चुकला तर काय होते? मैदानावर चुकला तर कागद कोरा राहतो. रानात चुकला तर बहुधा जनावर कोरे जात नाही, ते जखमी होते. मचाणावर बसलेला पाहुणा संध्याकाळी मोटारीने किंवा आगगाडीने परत जातो. जखमी वाघ मात्र आदिलाबादच्या किंवा पाखालच्या गवतात राहतो, आणि दुसऱ्या दिवशी त्या गवतात सरपणासाठी शिरतो तो गोंड, कोया किंवा लंबाडा माणूस.

याचे सर्वांत दारुण उदाहरण कुमाऊँमधील आहे. चंपावतच्या वाघिणीने नेपाळात आणि कुमाऊँत मिळून ४३६ माणसे मारली, असे जिम कॉर्बेट यांनी १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात नोंदविले आहे. १९०७ साली ती त्यांच्या हातून पडली तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले आढळले. ते मोडले होते पूर्वीच्या एका बंदुकीच्या गोळीने. म्हणजे कोणा अज्ञात शिकाऱ्याची एक गोळी काही इंचांनी चुकली, तिचे मोल शेकडो गावकऱ्यांनी दिले. खुद्द कॉर्बेट यांनीही शेवटचा बार आपल्या रायफलीची काडतुसे संपल्यामुळे तहसीलदाराच्या जुनाट बंदुकीने काढला. नेम धरला होता वाघिणीच्या उघड्या जबड्यात. अगदी थोड्या अंतरावरूनही गोळी लागली तिच्या पंजाला. आधीच्या गोळ्यांनी ती मरणास टेकली होती, म्हणूनच ते वाचले. या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी कॉर्बेटना जी भेट दिली ती रिग्बीची पॉइंट २७५ रायफल, म्हणजे माउझरच्या खटक्यावर बांधलेली, बोअरांच्याच सात मिलिमीटर काडतुसाची. चुकलेल्या गोळीने जे निर्माण केले, त्याच्या निवारणाचे बक्षीस म्हणून न चुकणारी रायफल मिळावी, यात एक न्याय आहे. चांगल्या नेमाची बंदूक निवडणे ही श्रीमंताची हौस नसून ज्याला बंदूक परवडत नाही त्याच्या प्राणाशी निगडित असलेली बाब होती, हे या एका घटनेवरून स्पष्ट व्हावे.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५६ साली त्याचे तीन भाग होऊन मराठवाडा आपल्या भाषिक घरी आला. स्वतंत्र भारतातही नागरिकाला लष्करी व्यासाची बंदूक मिळत नसे. म्हणून बंगालमधील ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने शिकाऱ्यासाठी आणि शेतकऱ्यासाठी पॉइंट ३१५ व्यासाची रायफल केली. तिचे काडतूस ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिखर वंशातले. इंग्रजांच्या काळात बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कारखान्याने ते याच निर्बंधामुळे हिंदुस्थानात आणले होते. १९५९ च्या हत्यार कायद्याने परवान्याची पद्धत चालू राहिली. परदेशांत मात्र निवड विस्तीर्ण होती. अमेरिकेतील विंचेस्टर कारखान्याची १९३६ सालची 'मॉडेल ७०' ही नावाजलेली रायफल; १९६४ साली कारखान्याने खर्च वाचविण्यासाठी तिच्या घडणीत काटछाट केली, तेव्हापासून जाणकार गिऱ्हाईक '६४ पूर्वीची' म्हणून विचारणा करू लागले. एकाच कारखान्याचे, एकाच नावाचे शस्त्र दोन निरनिराळ्या वर्षांत दोन निरनिराळ्या लायकीचे असू शकते. नाव ही हमी नव्हे, हे यंत्रयुगालाही पुन्हा शिकावे लागले.

आपल्याकडे हा सारा विचार १९७२ साली संपला. १९६९ मध्ये दिल्लीस भरलेल्या आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण परिषदेनंतर वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७३ ची व्याघ्र योजना यांनी शिकारीचे युग बंद केले. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीची उरलीसुरली वाटही मिटली. पाखालचे रान १९५२ पासून अभयारण्य आहे. आदिलाबादकडील कवाल १९६५ साली अभयारण्य आणि २०१२ साली व्याघ्र प्रकल्प झाले. ईशापूरच्या कारखान्यासह सर्व आयुध कारखाने १ ऑक्टोबर २०२१ पासून नव्या सरकारी कंपन्यांकडे गेले. ज्या मचाणावर बसून नेम धरावयाचा, ते मचाणच उरले नाही. याचा खेद करण्याचे मला कारण दिसत नाही. ज्यांनी ही शस्त्रे घडविण्यात, पारखण्यात आयुष्ये घालविली, त्यांच्या ज्ञानाचा आदर ठेवूनही रानातील शांतता अधिक मोलाची मानता येते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. पुढच्या भेटीत त्याच दालनात मी त्याला जवळ बोलावले आणि सांगितले, "यांतली सर्वांत अचूक कोणती, हे बघून सांगता येणार नाही. दिसायला सगळ्यांत सुंदर ती नसेल, आणि मोठ्या माणसाची असेल तीही कदाचित नसेल. पाच वेळा झाडून पाहिल्यावर जी एकाच ठिकाणी मारते, ती." त्याने क्षणभर विचार केला आणि विचारले, "मग आता झाडायची नाही, तर कळणार कसं?" मी म्हटले, "ज्यांनी झाडली त्यांनी काय लिहून ठेवलंय, ते वाचायचं. आणि ते लिहिणारे कोणत्या बाजूला चुकतात, ते आधी ओळखायचं." तो पुन्हा काचेकडे वळला. त्याला माझे सगळे म्हणणे पटले असेल असे वाटत नाही. पण तो या वेळी पाटीवरचे नाव न वाचता नळीच्या तोंडाकडे वाकून पाहत होता, आणि शिक्षकाला एवढे पुरेसे असते.